हात स्पष्ट, चेहरा पुसट

आमच्या आईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. कुंभकोणमला तेव्हा गवळी गाय दारात आणून समोरच दूध काढून द्यायचा, तरी धार काढण्याआधी आई त्याच्या हातातली चरवी उलटी करून बघायची, तळाशी आधीच पाणी घालून तर आणलं नाही ना म्हणून. विड्याच्या पानांची चवड ती नेहमी मधूनच उघडायची, कारण वरची आणि खालची पानं कोवळी लावून मध्ये जून पानं सारायची ही पानवाल्यांची जुनी रीत आहे असं तिचं म्हणणं. कॉफीची पूड आणली की चिमूटभर पूड पाण्याच्या वाटीत टाकून ती वाटीवर डोळे लावून बसायची. चिकोरी असेल तर ती खाली बसते आणि पाण्यात तांबूस रेघ सोडते. रेघ दिसली की आई समाधानाने म्हणायची, "बघ. मी म्हणत नव्हते?" रेघ दिसली नाही तर मात्र ती दिवसभर थोडी अस्वस्थ असायची. अप्पा हसून म्हणायचे, "तुझी आई स्वर्गात गेली तरी आधी खांबाला टिचकी मारून बघेल, सोन्याचा आहे की मुलाम्याचा."

अप्पा अगदी उलट. गावात त्यांना सगळे 'रावसार' म्हणायचे. महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. पुढच्या खोलीत अप्पांचा फोटो स्टुडिओ, मधल्या खोलीत आम्ही, आणि कोठीच्या खोलीला आतून काळा रंग देऊन केलेली डार्करूम. त्या खोलीतून आईची चिंच आणि मिरच्या कधी पूर्ण हलल्याच नाहीत, त्यामुळे मला अजूनही फोटो पक्का करायच्या हायपोचा वास आठवला की मागोमाग चिंचेचा आठवतो. गल्लीच्या टोकाला भांडी ठोकणाऱ्यांची दुकानं होती. सकाळपासून ती ठकठक सुरू असायची, आणि लग्नाच्या महिन्यात तिच्यात नादस्वरमचे सूर मिसळायचे. मी बी.ए. झाले होते, घरात माझ्या लग्नाचं बघणं सुरू होतं, आणि तोवर अप्पांच्या निगेटिव्हांचे प्रिंट काढायचं काम माझ्याकडे होतं. आत लाल दिव्यात मी असले की बाहेरून आई हाक मारायची, "यमू गे, का करूंलास इतका वेळ?" पुण्याहून एकदा आलेल्या एक पाहुण्या बाई हे 'करूंलास', म्हणजे 'करते आहेस', ऐकून पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. तीनशे वर्षांपूर्वी तंजावूरच्या मराठा राजांबरोबर आमचे पूर्वज जे बोलत इथे आले ते आम्ही जपलं, आणि वर तमिळचा तडका दिला, याला आमचा काय इलाज? म्हणून इथे मी सगळ्यांची बोलणी तुम्हाला कळतील अशा मराठीत लिहिते आहे. बाहेरची माणसं अर्थात तमिळच बोलत होती.

कोमळा पहिल्यांदा आली तो दिवस रविवारचा असावा, कारण शेजारच्या अम्माळने इडलीबरोबर कडप्पा पाठवला होता. मुगाची डाळ आणि बटाट्याचा तो पातळ, खसखस-बडीशेपेचा वास असलेला पदार्थ आमच्या घरात सगळ्यांना आवडायचा. फक्त आई आधी एक थेंब तळहातावर घेऊन चाखायची. आम्ही खात होतो आणि दारात दोघी उभ्या. पुढे चोळपुरमची चेल्लम्मा, नवरा गेलेली, दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई. तिच्यामागे तिची मुलगी कोमळा. माझ्याच वयाची. तिने पदराच्या आतून एक फोटो काढून अप्पांच्या हातात दिला. तो मीच दोन महिन्यांपूर्वी छापलेला होता.

"रावसार, यातला चेहरा मोठा करून द्या," ती म्हणाली. "मोठा केला की दिसेल ना?"

फोटो तिच्या लग्नाचा होता. स्वामीमलैच्या देवळात पहाटेच्या मुहूर्तावर ते लग्न लागलं होतं. मुलगा सेल्वम, तिथल्याच मूर्ती ओतण्याच्या एका कारखान्यातला. तो म्हणाला होता की काकांना नंतर सांगू, आधी लग्न लावू. म्हणून त्याच्या बाजूने त्याचा एक मित्र, आणि तिच्या बाजूने तिची आई, एवढीच माणसं. एक तरी फोटो हवा म्हणून चेल्लम्मानेच अप्पांना बोलावलं होतं. अप्पांनी तीन फोटो घेतले. एकात सेल्वमची पाठ होती, एकात हारामागे मान खाली. तिसरा तालि बांधतानाचा. तालि म्हणजे आपलं मंगळसूत्र, पण इथे ते नवरा मागून दोन्ही हातांनी गाठ मारून बांधतो, आणि तो एकच क्षण म्हणजे लग्न. त्या फोटोत हळदीचा दोरा, त्यातला सोन्याचा तुकडा, दोऱ्याची गाठ, गाठीवरची बोटं, नखांच्या कडेची काजळी, सगळं कोरल्यासारखं आलं होतं. आणि त्या हातांच्या मागे, वीतभर अंतरावर, एक फिकट पुसट गोळा होता. तो नवऱ्याचा चेहरा.

आता सेल्वम म्हणत होता की असं लग्न झालंच नाही. त्याच्या काकांनी तिरुच्चीच्या एका दुकानदाराच्या मुलीशी त्याचं ठरवलं होतं. मित्र कामासाठी परदेशी निघून गेला होता. देवळातले गुरुजी म्हणाले, रोज इतकी लग्नं लागतात, चेहरे कोण लक्षात ठेवतो. काका म्हणजे त्या कारखान्याचे मालक, मूर्ती घडवणारे स्थपती. ते कोमळाला म्हणाले, "पोरी, पुरावा दाखव. मी न्यायाने वागेन." तिच्याजवळ पुरावा म्हणून हा एवढा फोटो.

मी त्याच दुपारी निगेटिव्ह एन्लार्जरवर चढवली. चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला. जितका मोठा केला तितका तो विरत गेला, शेवटी कागदावर नुसती वाळू पसरल्यासारखे दाणे. जे भिंगातून आत आलंच नाही ते मोठं करून कुठून येणार? पण हे लोकांना समजावणं त्या वेळी अवघड होतं आणि आजही आहे. पुढे नव्वदीच्या अखेरीस मी स्टुडिओत पहिला डिजिटल कॅमेरा आणला, तेव्हा वाटलं होतं हा प्रश्न संपला. तर तोच प्रश्न नवं लुगडं नेसून आला. अंधाऱ्या मंडपात फ्लॅश चमकतो, कॅमेरा आपल्या मनाने झेंडूच्या हारावर फोकस धरतो, पाठीवरच्या इवल्याशा पडद्यावर सगळं छान दिसतं, आणि घरी संगणकावर उघडावं तर हाराची पाकळी न् पाकळी मोजून घ्या, नवरीचे डोळे मात्र पाण्यात बुडालेले. गिऱ्हाईक म्हणतं, "मॅडम, झूम करा ना." आता तर लोक मोबाइलवर मुद्दाम मागचं सगळं धूसर करून घेतात आणि त्याला सुंदर म्हणतात. त्यांना तसं म्हणू दे. मला धूसर चेहरा दिसला की मी अजून फोटो पुन्हा काढते.

त्या दुपारी अप्पांनी कोमळाला सांगितलं, "पहाटेचा अंधार, होमाचा धूर. फ्लॅशचे सेल उतरले होते, म्हणून ॲपर्चर पूर्ण उघडावं लागलं. भोक मोठं केलं की स्पष्ट येणारी पट्टी अरुंद होते, पोरी. हात पट्टीत आले, चेहरा मागे राहिला. मी हातांवरच धरलं होतं. तालि महत्त्वाची, नाही का?"

हे सगळं खरंच होतं. मला स्वतःला त्यांनीच हे शिकवलं होतं. पण ते बोलत असताना त्यांची नजर कोमळाकडे नव्हती, ती तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी होती, आणि हे माझ्या लक्षात आलं. चेल्लम्मा म्हणाली, "मग तुम्हीच सांगा ना, रावसार. तुम्ही तिथे होता. तुम्ही येऊन त्याला बघा आणि सांगा, हाच तो म्हणून." अप्पांनी फोटो कोमळाला परत दिला. मग म्हणाले, "येतो."

दुसऱ्या दिवशी ते त्या दोघींबरोबर बसने स्वामीमलैला गेले आणि दुपारच्या जेवणाआधी परत आले. आईने डांगर पच्चडी केली होती, अप्पांच्या आवडीची, उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर हिंगाची फोडणी. ते मान खाली घालून जेवले. आईने विचारलं, "काय सांगितलंत?"

"नक्की सांगता येत नाही म्हणालो."

"म्हणजे?"

"म्हणजे नक्की सांगता येत नाही."

आईने पळी ठेवली. त्या संध्याकाळी मी पाहिलं, ती देवघरासमोर उभी राहून एका समईकडे बघत होती. सुबक, जड, हंसाची मान असलेली समई. काही महिन्यांपूर्वी अप्पांनी ती घरी आणली होती. "स्वामीमलैच्या कारखान्यातून दिली, कामाबद्दल," एवढंच ते बोलले होते. कुठलं काम, हे तेव्हा आम्हाला विचारावंसं वाटलं नव्हतं. आईने समईवर टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून तिने ती लावणं बंद केलं आणि जुना पणतीचा दिवा काढला.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. रावसारांना विकत घेतलं, चेहरा मुद्दाम पुसला, असं बोललं जाऊ लागलं. मंडपात गेलं की बायका बोलता बोलता थांबायच्या. एका घरच्या लग्नाची सुपारी आलेली होती, ते लोक येऊन म्हणाले, "यंदा फोटो नकोत असं ठरलंय," आणि आठवड्याने त्याच घरासमोर आम्ही दुसऱ्या फोटोवाल्याची फ्लॅशची छत्री पाहिली. मला बघायला येणार होते त्या तंजावूरच्या मंडळींनी येणं पुढे ढकललं. कारण सांगितलं नाही. आईने ते मनातल्या मनात दहा प्रकारे सांगून पाहिलं असणार.

आणि मी? मला एक गोष्ट आठवत होती आणि ती मी कुणाला सांगू शकत नव्हते. लग्नाआधी काही दिवस स्थपती स्वतः स्टुडिओत आले होते. ठेंगणे, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज खालचा. मी डार्करूममध्ये होते आणि पडद्याआड अप्पा म्हणाले होते, "एवढ्यात कुणाला काही बोलू नका. थोडा वेळ द्या, मी करतो बरोबर." त्यानंतरही ते एकदा येऊन गेले होते, आणि अप्पांनी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवत नेलं होतं, माझ्या कानावर पडू नये म्हणून. आता ती वाक्यं मला जेवताना, केस विंचरताना ऐकू येऊ लागली. मी अप्पांकडे आईच्या डोळ्यांनी बघायला लागले. त्यांनी वर्तमानपत्र वाचायचं सोडून दिलं होतं, "तू वाच, मी ऐकतो" म्हणायचे. आधी मला तो लाड वाटायचा. आता वाटायचं, यांना छापील अक्षरासमोरही तोंड दाखवायची लाज वाटते आहे. ओट्यावरून कुणी नमस्कार केला तर ते आधी दुसरीकडेच बघायचे. चोरासारखे, असं माझ्या मनात येऊन गेलं. एकाच घरात तीन माणसं, एकमेकांना ताट वाढणारी, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या चरवीचा तळ तपासतोय, असे ते दिवस होते.

एके दुपारी अप्पा बाहेर गेलेले असताना मी डार्करूममध्ये शिरले आणि त्यांचा निगेटिव्हांचा डबा खाली काढला. काय शोधायचं ते ठरवलं होतं: त्या लग्नाची आणखी एखादी निगेटिव्ह, ज्यात चेहरा दिसतो आणि जी त्यांनी दडवून ठेवली आहे. डब्याच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पट्ट्या सापडल्या. दिव्यासमोर धरल्या तर त्यात माणसं नव्हतीच. देव होते. नटराज, पार्वती, मुरुगन, कारखान्यातल्या नव्या ओतलेल्या मूर्ती. म्हणजे हे ते काम. मी एक पट्टी एन्लार्जरवर लावली. पार्वतीचा पुढे केलेला हात स्पष्ट, बोटांच्या पेरांवर फ्लॅशची चमक, चेहरा पुसट. दुसरी लावली. नटराजाचा पुढे आलेला पाय स्पष्ट, पैंजण स्पष्ट, चेहरा पुसट. मुरुगनच्या भाल्याचं टोक बघून घ्या, चेहरा नाही. एकामागून एक, त्याच मूर्ती पुन्हा पुन्हा काढलेल्या, आणि पुन्हा पुन्हा तेच. जे जवळ होतं आणि जे चमकत होतं तेवढंच अप्पांच्या कॅमेऱ्याने धरलं होतं.

मी स्टुलावर बसले. पार्वतीने काही कुणाला लाच दिली नव्हती. तिचा चेहरा पुसून कुणाचा काय फायदा होणार होता? मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर येऊ लागली. स्टुडिओतले फोटो अप्पांचे नेहमी चांगले यायचे, कारण तिथे खुर्ची कुठे आणि कॅमेरा कुठे हे जमिनीवर रंगाने आखलेलं होतं, दिवे भरपूर, ॲपर्चर लहान, पट्टी रुंद. लखलखीत मंडपातही तसंच निभावायचं. बाहेर, अंधारात, कॅमेऱ्याच्या काचेत बघून जिथे धरावं लागतं, तिथेच हे होत होतं.

तेवढ्यात पुढच्या खोलीत पावलं वाजली. मी पडदा बाजूला केला. दारात कोमळा उभी होती, फोटोचं पुन्हा विचारायला आलेली, पाठीमागे ऊन. आणि ओट्यावरून आत आलेले अप्पा तिच्याकडे बघून म्हणाले, "यमू, पाणी दे गं जरा." कोमळा गोंधळून एक पाऊल मागे सरली. तिची साडी हिरवी होती, माझी पिवळी. ती माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती. अप्पांनी पुन्हा म्हटलं, "यमू?" मी आतून म्हटलं, "आणते, अप्पा." त्यांनी गर्रकन मान माझ्या आवाजाकडे वळवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला आयुष्यात पुन्हा कधी बघायचं नाही.

कोमळा गेल्यावर मी आईला डार्करूममध्ये नेलं, दार लावलं आणि देवांच्या निगेटिव्हा दाखवल्या. तिने एकेक पट्टी दिव्यासमोर धरून बघितली. मग म्हणाली, "मी गाईचं दूध बघितलं, कॉफी बघितली, ती समई बघितली. यांचे डोळे नाही बघितले गे." ती बाहेर आली, अप्पांच्या समोर बसली आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "कधीपासून?"

अप्पांनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "दीड-दोन वर्षं. आधी दिव्याभोवती कडं दिसायचं. आता माणसं दुधात बुडाल्यासारखी दिसतात."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"हळू बोल. बाहेर ऐकू जाईल." ते ओट्याकडे बघत म्हणाले, म्हणजे जिथे ओटा आहे असं त्यांना ठाऊक होतं तिकडे. "आंधळ्या फोटोवाल्याला कोण बोलावेल? आणि यमूचं अजून व्हायचंय. लोक म्हणतील, बापाचं पोरीतही उतरेल."

"आता लोक काय म्हणतायत ते ऐकलंत?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "लबाड म्हणतायत, अप्पा. त्यापेक्षा आंधळा काय वाईट?"

"लबाडाला काम मिळतं, यमू," ते म्हणाले. "लोक चार दिवसांत विसरतात."

"आणि कोमळा?"

दोन दिवसांनी त्यांनी मला स्वामीमलैला निरोप घेऊन पाठवलं की स्थपतींनी पुतण्याला घेऊन यावं, मूर्तींच्या फोटोंबद्दल आणि दुसऱ्या फोटोबद्दल बोलायचं आहे. चोळपुरमलाही निरोप गेला.

ते सगळे आले तेव्हा सकाळची कॉफीची वेळ होती. स्टुडिओत चटई घातली होती. स्थपती भिंतीला टेकून ताठ बसले. त्यांच्याशेजारी सेल्वम, तेल लावून चापून बसवलेले केस, खांद्यावरचा टॉवेल मांडीवर ओढून त्याखाली दोन्ही हात. चेल्लम्मा दाराशी, आणि कोमळा उभीच. तिने सेल्वमकडे एकदा बघितलं आणि मग बघितलं नाही. मी इतके दिवस तिच्या चिकाटीचंही नवल करत होते, मनाच्या एका कोपऱ्यात तिच्यावरही संशय घेत होते की हिलाच काहीतरी लाटायचं असेल. त्या दिवशी तिचा श्वास मला दिसत होता, गळ्यातल्या हळदीच्या दोऱ्यावर वरखाली होणारा.

स्थपतींनी सुरुवात केली. "रावसार, तुम्ही त्या दिवशी आलात आणि म्हणालात, सांगता येत नाही. जिथे फोटोवालाच सांगत नाही तिथे मी काय समजायचं?"

अप्पा उभे राहिले. त्यांना पाठ केलेलं काही बोलायचं होतं असं वाटलं, पण ते विसरले असावेत. "माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "मला तुमचा चेहरा आत्ताही दिसत नाही. याचाही दिसत नाही. त्या पहाटे मला धुरात फक्त तालिचं सोनं चमकताना दिसलं, त्यावर मी धरलं. आणि तुमचे देवही असेच बिघडलेत, सगळे. म्हणून फोटो देत नव्हतो. कुणी मला विकत घेतलेलं नाही. ही समई घेऊन जा."

बाहेर ठकठक चालू होती. मग सेल्वमने हलकेच हसल्यासारखा आवाज केला. "बघा काका. यांना दिसतच नाही. मग विषयच संपला."

"चेहऱ्याचा संपला," अप्पा म्हणाले. "हात बाकी आहेत."

मी मोठा केलेला प्रिंट स्थपतींपुढे ठेवला. या वेळी चेहरा मी वगळला होता. नुसते हात, कागदभर. सेल्वम चटकन म्हणाला, "आमच्यात सगळ्यांचेच हात भाजलेले असतात. हा कुणाचाही असेल." हे खरं होतं आणि स्थपतींनी मान डोलावली. त्यांच्या स्वतःच्या मनगटांवर वितळलेल्या धातूचे डाग होते. मला वाटलं, गेलं सगळं.

तेव्हा आई आतून कॉफी घेऊन आली. तिने कॉफीचा पहिला पेला, म्हणजे टंबलर, स्थपतींना दिला. दुसरा घेऊन ती सेल्वमसमोर वाकली आणि तशीच राहिली. कॉफी गरम होती, वाफ तिच्या तोंडावर येत होती. खाली ठेवली असती तर चाललं असतं, पण ती ठेवेना. घरच्या बाईने पुढे केलेली कॉफी घेतली नाही तर अपमान. सेल्वमने टॉवेलखालून उजवा हात काढला. आईने टंबलर सोडला नाही. दोघांचे हात त्या एकाच टंबलरवर, आणि आई त्याच्या अंगठ्याकडे बघत होती, जसं ती पाण्यातल्या कॉफीच्या पुडीकडे बघायची.

"नख उभं चिरलेलं आहे," ती म्हणाली. "अर्धं आत वळलंय. आणि खाली भाजल्याचा डाग, वाकड्या शेंगेसारखा. यमू, फोटो इकडे कर."

स्थपतींनी टंबलर बाजूला ठेवला, फोटो मांडीवर घेतला आणि पुतण्याचं मनगट धरून त्याचा हात फोटोशेजारी ओढला. त्यांनी आयुष्यभर देवांची बोटं घडवली होती. ते किती वेळ बघत होते ते मला सांगता येणार नाही. नख बघितलं, डाग बघितला, करंगळीचा बाक बघितला. सेल्वमने हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. शेवटी स्थपतींनीच तो सोडला.

"हे नख कशाने फाटलं ते मला ठाऊक आहे," ते सेल्वमला म्हणाले. "मीच पट्टी बांधली होती." मग कोमळाकडे वळून म्हणाले, "मुली, चूक आमच्या घराची आहे. तिरुच्चीला मी नाही म्हणून कळवतो. तू आमची सून आहेस. आजच चल."

चेल्लम्मा रडायला लागली. कोमळा रडली नाही. ती पुढे आली, तिने तो हातांचा फोटो स्थपतींच्या मांडीवरून उचलला आणि म्हणाली, "अय्या, मी खोटं बोलत नव्हते, एवढं तुम्ही सगळ्यांना सांगा. येण्याचं मी बघते." आईने तिला आत नेऊन बसवलं आणि दहीभात वाढला. माझ्या आठवणीत, आईने पहिल्यांदाच कुणाला काही न चाखता वाढलं.

ती पुढे स्वामीमलैला गेली, काही महिने राहिली, आणि परत आली. तिकडे काय झालं ते तिने आम्हाला सांगितलं नाही आणि आईनेही, आश्चर्य म्हणजे, विचारलं नाही. स्थपती समई घेऊन गेले नाहीत. अप्पांबद्दलचं बोलणं एका दिवसात फिरलं, पण त्याचा उपयोग नव्हता. लबाड नव्हते हे कळलं तसं आंधळे आहेत हेही कळलं, आणि लग्नांची बोलावणी थांबली ती थांबलीच. मदुरैला जाऊन एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायला पुढे बराच काळ लागला, आणि तेव्हाही पहिल्यासारखं दिसलं नाही. तंजावूरची मंडळी आली नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं असं मी इतकी वर्षं सांगत आले आहे. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

पाऊस संपत आला असताना एका सकाळी कोमळा एकटीच स्टुडिओत आली. तिला नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज करायचा होता, त्याला फोटो हवा होता. केस घट्ट बांधलेले, गळ्यात काहीच नाही. त्या दिवशी वीज गेलेली होती, त्यामुळे स्टुडिओचे दिवे बंद. फ्लॅशवर काढावा लागणार होता, ॲपर्चर उघडून. अप्पांनी तिला खिडकीजवळ बसवलं, हनुवटी थोडी खाली घ्यायला सांगितलं, कॅमेरा डोळ्याला लावला आणि भिंग फिरवायला लागले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मी दारात उभी होते. आमच्या त्या कॅमेऱ्याच्या काचेत मधोमध एक गोल असायचा आणि फोकस नसेल तर त्या गोलात माणूस मधून कापल्यासारखा दिसायचा. भिंग फिरवून दोन्ही तुकडे जुळवायचे. अप्पा जुळवत राहिले. कोमळा पापणी न हलवता बसली होती. तिला सगळं समजत होतं.

मग अप्पांनी कॅमेरा खाली घेतला, पट्टा गळ्यातून काढला आणि माझ्या दिशेने धरला. मी तो घेतला. वाकून पाहिलं. कोमळाचा उजवा डोळा त्या गोलात दोन अर्ध्यांत तुटलेला होता. मी भिंग अगदी थोडं फिरवलं, आणि डोळ्याचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावर नेमका येऊन बसला.

"डोळे दिसतायत?" अप्पांनी विचारलं.

"दिसतायत, अप्पा."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग दाब," ते म्हणाले.